वाचकांचे प्रश्न : कपाटातला डीएसएलआर आणि खिशातला कॉम्पॅक्ट

प्रश्न : माझ्याकडे २००९ साली घेतलेला निकॉन डी९० हा डीएसएलआर, म्हणजे आरशातून पाहायचा आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे. त्याच्यासोबत आलेली १८-१०५ मिमीची झूम लेन्स आणि नंतर घेतलेली ३५ मिमी एफ १.८ अशा दोन लेन्स आहेत. मुलुंड ते सीएसएमटी हा रोजचा प्रवास गर्दीच्या लोकलने करावा लागत असल्याने एवढे ओझे बरोबर नेणे होत नाही आणि गेली चार वर्षे कॅमेरा कपाटातच आहे. सोनी आरएक्स१०० मार्क ३ किंवा कॅनन जी७ एक्स मार्क २ यांपैकी एखादा वापरलेला कॉम्पॅक्ट घ्यावा, असा विचार आहे. मला गणपतीतले मंडप, दादरच्या फुलबाजारातली पहाट आणि मुलीच्या महाविद्यालयाच्या एकांकिका टिपायच्या असतात. जुना कॅमेरा लेन्ससकट विकून टाकावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. कॉम्पॅक्टचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) लहान असल्यामुळे माझी निराशा होईल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपली शंका रास्त आहे. डी९०चा सेन्सर २३.६ × १५.८ मिमी आहे, तर आपण निवडलेल्या दोन्ही कॉम्पॅक्टचा सेन्सर १३.२ × ८.८ मिमी आहे. क्षेत्रफळ काढले तर पहिला दुसऱ्याच्या तिपटीहून थोडा मोठा भरतो. (या लहान सेन्सरला दुकानात ‘एक इंची’ म्हणतात, पण त्याची कोणतीही बाजू एक इंचाची नाही आणि कर्णही जेमतेम १६ मिमी आहे. हे नाव टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलेले आहे.) मात्र नुसत्या सेन्सरच्या मापावर निकाल लावला तर चूक होईल, कारण सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश आधी लेन्समधून यावा लागतो, आणि त्या बाबतीत आपल्या दोन लेन्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक समजून घ्यायला एक साधा भागाकार पुरतो. लेन्सच्या फोकल लांबीला (तिच्या मिमीच्या आकड्याला) एफच्या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. दोन कॅमेऱ्यांनी सारखेच दृश्य सारख्याच शटर वेगाने टिपले, तर ज्याचे छिद्र मोठे त्याला अधिक प्रकाश मिळतो, मग त्याचा सेन्सर कितीही मोठा वा लहान असो. आपली झूम लेन्स १८ मिमीवर एफ ३.५ पर्यंत उघडते, म्हणजे छिद्र ५.१ मिमीचे. आरएक्स१०० मार्क ३ची लेन्स तिच्या सर्वांत रुंद टोकाला ८.८ मिमीची असून एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे छिद्र ४.९ मिमीचे. सोनीच्या झूमच्या दुसऱ्या टोकाला हा व्यास ९.२ मिमी होतो आणि तेच दृश्य आपल्या झूममधून पाहिले तर साडेनऊच्या आसपास येतो. जी७ एक्स मार्क २चे गणितही असेच जुळते. मोठ्या सेन्सरचा सगळा लाभ मंद लेन्सने खाऊन टाकला, असा याचा सरळ अर्थ आहे. त्यात डी९०चा सेन्सर २००८ सालच्या तंत्राचा आणि सोनीचा २०१४ सालच्या तंत्राचा असल्यामुळे, त्या झूम लेन्सपुरती तुलना केली तर पारडे कॉम्पॅक्टकडेच किंचित झुकते.

आता ३५ मिमी एफ १.८ लावून पाहा. तिचे छिद्र १९.४ मिमीचे आहे. तेवढेच दृश्य दाखवताना सोनीची लेन्स एफ २.८ वर आलेली असते आणि तिचे छिद्र जेमतेम ६.८ मिमीचे उरते. क्षेत्रफळात हा फरक आठपट होतो. नव्या सेन्सरमुळे त्यातली काही तूट भरून निघते, पण आठपटीचे अंतर कापणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पार्श्वभूमी किती धूसर होईल हेही याच व्यासावर अवलंबून असल्यामुळे, ३५ मिमीने घेतलेल्या चेहऱ्यामागची गर्दी जशी विरघळते तशी कॉम्पॅक्टमधून विरघळणार नाही.

हे आपल्या तीन विषयांना लावून पाहू. गणपतीच्या मंडपात मूर्ती स्थिर असते, जागा अपुरी असते आणि रांगेतून पुढे सरकताना आपल्याला दोन-चार क्षणच मिळतात. तिथे रुंद कोन लागतो. आपल्या झूममध्ये आणि सोनीच्या लेन्समध्येही कंप रोखण्याची सोय असल्याने १/५० सेकंदाला दोन्हींनी हातात धरून फोटो निघेल, पण सोनी एफ १.८ वर आयएसओ (प्रकाश कमी असताना वाढवावी लागणारी संवेदनशीलता, जिच्याबरोबर फोटोतली कणीही वाढते) ४०० मागेल तिथे आपली झूम एफ ३.५ वर आयएसओ १५०० मागेल. दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी ठेवले तर कॉम्पॅक्टचाच थोडा स्वच्छ दिसेल, आणि तोही खांद्यावर किलोभर ओझे न वागवता. इथे एक सूचना करावीशी वाटते. रोषणाईच्या एलईडी दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि त्याहून वेगवान शटर ठेवले की मूर्तीवर आडवे काळे पट्टे उमटू शकतात.

फुलबाजाराचे उत्तरही कॉम्पॅक्टच्याच बाजूचे आहे, आणि ते केवळ प्रकाशामुळे नव्हे. झेंडूच्या पाट्या डोक्यावरून उतरत असताना, पायाखाली ओला चिखल असताना आणि मागून ‘बाजूला व्हा’ असा पुकारा चालू असताना मोठा कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहणे हे कामात असलेल्या माणसांची वाट अडवण्यासारखे होते. हातात मावणारा कॅमेरा छातीच्या उंचीवर धरून, उघडमीट होणाऱ्या पडद्यात वरून पाहत फोटो घेता येतो. माणसांना विचारून, त्यांच्याकडे पाहून, दोन शब्द बोलून फोटो घ्यावा हे मात्र कॅमेरा लहान असला तरी सुटत नाही. जी७ एक्स मार्क २ला डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, तर आरएक्स१०० मार्क ३चा वर उचलून बाहेर काढता येतो. भर उन्हात पडदा दिसेनासा होतो तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते, म्हणून आपल्यासाठी या दोहोंत मी सोनीची निवड करीन.

एकांकिकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात आपण पुढून दहा मीटरवर बसला आहात, असे धरू. ३५ मिमी लेन्समधून तिथे सुमारे पावणेसात मीटर रुंदीचा रंगमंच दिसतो, म्हणजे बहुतेक सगळे पात्रसमूह मावतात. नट हालचाल करत असल्यामुळे १/१२५ सेकंदाहून मंद शटर चालत नाही. त्या वेगाला डी९० एफ १.८ वर आयएसओ १६०० मागत असेल, तर कॉम्पॅक्टला एफ २.८ वर जवळपास ३८०० लागतील, आणि तेही एकतृतीयांशाहून लहान सेन्सरवर. निळ्या प्रकाशातल्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखी कणी उठते ती इथे. शिवाय अंधारात कॉम्पॅक्टचा फोकस पुढे-मागे चाचपडत राहतो, तर डी९०च्या अकरा फोकस बिंदूंपैकी मधला बिंदू मंद प्रकाशातही बऱ्यापैकी खात्रीने पकड घेतो. आरशातून पाहण्याचा आणखी एक लाभ असा, की पडदा उजळत नाही आणि मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांवर प्रकाश जात नाही. उलट आरशाचा खटका शांत प्रसंगात ऐकू जातो आणि कॉम्पॅक्ट मात्र जवळजवळ निःशब्द असतो, हे मान्य करायला हवे. म्हणून आयोजकांची परवानगी घेऊन, शक्य असल्यास रंगीत तालमीलाच फोटो काढावेत.

तेव्हा माझे मत असे आहे. कॉम्पॅक्ट जरूर घ्या, पण डी९० विकू नका. पैशांसाठी काही विकायचेच असेल तर १८-१०५ मिमीची झूम विका, कारण नवा कॅमेरा नेमके तिचेच काम करणार आहे. त्या झूमच्या १०५ मिमीपर्यंतच्या पोहोचीला आपण मुकाल हे खरे, पण रंगमंचावर ती पोहोच एफ ५.६ वर मिळते आणि त्या प्रकाशात तिचा उपयोग नसतो. तिच्या जागी वापरलेली ५० मिमी एफ १.८डी पाहावी. डी९०च्या अंगातच फोकसची मोटार असल्यामुळे ही जुनी आणि स्वस्त लेन्स त्याच्यावर आपोआप फोकस करते, जे त्याच कंपनीच्या डी३१०० किंवा डी५००० सारख्या साध्या बॉडींवर होत नाही. दहा मीटरवरून ती पावणेपाच मीटरची चौकट देईल, म्हणजे दोन-तीन पात्रांचा प्रसंग नेमका मावेल. बारा मेगापिक्सेल कमी पडतील ही धास्तीही सोडून द्यावी. ए४ आकाराच्या उत्तम छपाईला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात.

हा जुना कॅमेरा सांभाळताना दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. त्यात ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी कार्डच वापरावे. आणि चार वर्षे पडून राहिलेली बॅटरी दगावली असेल तर नवी घेऊन, मेनूतल्या बॅटरीच्या माहितीत तिचा आयुष्यमान अंक शून्य दाखवतो का ते पाहावे. ० म्हणजे नवी आणि ४ म्हणजे बदलायला आलेली.

प्रश्न : आमचे घर दहिसरला खाडीजवळ आहे. पावसाळ्यात भिंतींनासुद्धा बुरशी येते. लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि बंदिस्त कॉम्पॅक्ट यांपैकी या हवेत कोणता अधिक टिकेल? कॅमेरा मी त्याच्या मूळ चामडी पाऊचमध्येच ठेवते.
– एक वाचिका, दहिसर

उत्तर : पाऊचमधून कॅमेरा आजच बाहेर काढावा, ही पहिली विनंती. चामडे आणि कापड ओल धरून ठेवतात, आणि ओल, अंधार व कोंडलेली हवा या तिन्ही गोष्टी मिळाल्या की लेन्सच्या काचेवर बुरशीचे धागे पसरू लागतात. ही बुरशी काचेवरचा लेप कायमचा कोरून काढू शकते. एकदा तसे झाले की साफ करूनही डाग राहतो.

आपल्या हवेत कोणता कॅमेरा टिकतो याचे उत्तर थोडे अनपेक्षित वाटेल. ‘बंदिस्त’ म्हणवणारे बहुतेक कॉम्पॅक्ट खऱ्या अर्थाने बंदिस्त नसतात. लेन्सची नळी बाहेर येते तेव्हा आतली जागा वाढते आणि कॅमेरा भोवतालची हवा ओढून घेतो. त्या हवेबरोबर दमटपणा आणि धूळही आत जाते. डीएसएलआरच्या बाबतीतही झूम लेन्स हेच करते, पण तिथे बुरशी धरली तर एक लेन्स जाते आणि बॉडी वाचते. सेन्सरवर धूळ बसली तर ती पुसता येते. कॉम्पॅक्टमध्ये लेन्स आणि सेन्सर एकमेकांना जोडलेले असल्यामुळे आतला एक डाग काढायला सगळा कॅमेरा उघडावा लागतो. माझ्या एका कॉम्पॅक्टमध्ये असाच धुळीचा डाग दिसू लागला, म्हणून तो मी एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. डाग गेला, पण भिंग किंचित तिरके बसले आणि तेव्हापासून प्रत्येक फोटोची उजवी बाजू अंधुक येते. समुद्राच्या वाऱ्यात आणि धुळीत कॉम्पॅक्ट वापरू नये असे मी म्हणणार नाही, पण तो उघडा खिशात टाकू नये, आणि खिशातल्या रुमालाच्या तंतूंपासून तर आवर्जून जपावे.

ठेवण्याची व्यवस्था स्वस्तात होते. रबरी कडा असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात पाव किलो सिलिका जेलची पुरचुंडी आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर ठेवावे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. फार कोरडेही करू नये, कारण आतले वंगण आणि रबर दोन्ही खराब होतात. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते ओले झाले असे समजून पुन्हा वाळवावेत. मात्र या सगळ्याहून मोठा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून उजेडात वापरणे. वापरात असलेल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आता मुंबईत अनेकांना अनुभवायला मिळते. एसी लोकलमधून जून महिन्यात दादरच्या फलाटावर उतरलात की चष्म्यासारखीच लेन्सही धुरकटते. बाहेरचा भाग पुसता येतो, पण आत साचलेल्या ओलाव्याचे काय? गाडीतून उतरण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा आणि तो बाहेरच्या तापमानाला आल्यावर, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, उघडावा. मग दव पिशवीच्या बाहेर धरते आणि कॅमेरा कोरडा राहतो.

प्रश्न : एक इंची सेन्सरऐवजी डीएसएलआरएवढाच सेन्सर असलेला रिको जीआर ३ हा कॉम्पॅक्ट घेतला तर लहान सेन्सर आणि ओझे हे दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपण गिरगावच्या वाड्यांत आणि गल्ल्यांत पायी फिरून फोटो काढत असाल, तर होय. २०१९ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचे वजन बॅटरीसह २५७ ग्रॅम आहे, सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आणि डीएसएलआरच्या आकाराचा आहे, आणि अंतर आधीच ठरवून ठेवण्याची त्यातली सोय रस्त्यावरच्या फोटोंसाठी अमूल्य आहे. अडीच मीटरवर अंतर बांधून ठेवले की बटण पूर्ण दाबताच, फोकसची वाट न पाहता, फोटो निघतो.

पण झूम नाही, अंगचा फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही आणि बॅटरी दोनशेच्या आसपास फोटोंत संपते. वरच्या उत्तरातला भागाकार इथेही करून पाहावा. १८.३ मिमी भागिले २.८, म्हणजे छिद्र साडेसहा मिमीचे. मोठा सेन्सर असूनही पार्श्वभूमी धूसर करण्याचे काम त्याच्याकडून होणार नाही. ते हवे असेल आणि खर्चाची तयारी असेल तर फुजीफिल्म एक्स१००व्ही पाहावा. त्याची २३ मिमी एफ २ लेन्स साडेअकरा मिमीचे छिद्र देते, पण तो ४७८ ग्रॅमचा असून पँटच्या खिशात जात नाही.

प्रश्न : शिवडीच्या फ्लेमिंगोंसाठी यांपैकी कोणता कॅमेरा घ्यावा?
– एक वाचिका, परळ

उत्तर : वर आलेल्या कॉम्पॅक्टपैकी एकही नाही. ओहोटीला पक्षी चिखलाच्या पार टोकाला असतात आणि सोनीसारख्या छोट्या झूममध्ये ते गुलाबी ठिपके होऊन राहतात. जुना डीएसएलआर आणि वापरलेली ७०-३०० मिमी लेन्स ही या कामासाठी आजही सर्वांत स्वस्त जोडी आहे. ३०० मिमीवर एफ ५.६ म्हणजे छिद्र साडेत्रेपन्न मिमीचे, आणि खिशातल्या कॅमेऱ्यात तेवढी काच मावणेच शक्य नाही. थवा उडताना आरशाच्या व्ह्यूफाइंडरमधून तो जसाच्या तसा, विलंबाशिवाय दिसतो, याचे सुखही वेगळे आहे. भरती चढू लागली की पक्षी आपोआप काठाकडे सरकतात, म्हणून भरतीची वेळ पाहून दोन तास आधी पोहोचावे आणि जेट्टीवरून खाली चिखलात उतरू नये.

प्रश्न : फोर्टच्या बोरा बाजारातून वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासावे?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : निकॉन आणि कॅनन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नसल्यामुळे बाजारात जुन्या बॉडी भरपूर आहेत, आणि घाई करण्याचे काही कारण नाही. स्वतःचे कार्ड घेऊन जावे. निकॉनच्या फोटोफाइलमध्येच शटर किती वेळा उघडले याचा आकडा नोंदलेला असतो. एक फोटो काढून तो फोनवर किंवा घरी संगणकावर वाचावा. डी९०चे शटर एक लाख वेळांच्या चाचणीला उतरलेले आहे, तेव्हा साठ-सत्तर हजारांच्या पुढचा कॅमेरा त्या मानानेच किंमत ठरवून घ्यावा.

लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये, कारण ती बुरशी आहे. दोन-चार धूलिकणांनी मात्र काही बिघडत नाही. डीएसएलआर एफ १६ वर आणि कॉम्पॅक्ट एफ ११ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा. डाग असतील तर तिथे राखाडी ठिपके दिसतील. डीएसएलआरमध्ये ते सफाईने जातील, म्हणून त्यांचा बाऊ करू नये. कॉम्पॅक्टमध्ये दिसले तर मात्र कॅमेरा परत करावा. कॉम्पॅक्टची लेन्स दहा-बारा वेळा आत-बाहेर करून कान लावून ऐकावे. नळी अडखळली किंवा दाते घासल्यासारखा आवाज आला, तर पुढच्या पावसाळ्यात ती अर्ध्यावर अडकून बसण्याचा धोका आहे. शेवटी विटांची भिंत किंवा दुकानाचे लोखंडी शटर समोर धरून एक फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. तीन कोपरे स्पष्ट आणि एक अंधुक असेल तर त्या कॅमेऱ्याचे भिंग हललेले आहे.